बाहीवरचा पांढरा डाग

४ जुलै

वन्सं,

ह्या पत्रासोबत आलेला पत्र्याचा डबा स्वयंपाकघरात उघडू नका. आत लेंड्या आहेत. वीस पुड्या, प्रत्येकीवर त्या त्या मेंढीच्या कानातला क्रमांक. तुमच्या बंधुराजांनी ते कामाला बसतात त्या पार्सलच्या खिडकीवर स्वतःच डब्याचं वजन केलं आणि ‘आतला माल’ ह्या रकान्यात काय लिहावं म्हणून पाच मिनिटं पेन चावत बसले. शेवटी ‘घरगुती वस्तू’ असं लिहिलं. खोटं तर नाही.

फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि शहात्तराव्या वर्षीही अप्पांचे कान फार चांगले आहेत. हा डबा मी पाठवलाय हे त्यांना माहीत नाही.

महिन्याभरापूर्वी कळपात सत्त्याऐंशी होत्या, आज चौऱ्याऐंशी आहेत. गेलेल्या तिन्ही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. चौथी तशीच दिसते आहे. जंतच असणार, पण एकवीस जूनला अप्पांनी सगळ्यांना औषध पाजलं होतं. बावीसला मी कळप वरच्या कुरणावर नेला. ते कुरण चार महिने कुणी चरलेलं नव्हतं. स्वच्छ पोटाने स्वच्छ गवतावर, असा माझा हिशेब. मग मेंढ्या मरतात का? वहीत मी तीन कारणं लिहिली आणि तिन्हींत दोष माझाच निघतो. औषध ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा पाजलं, कारण त्या आठवड्यात मला ताप होता.

अप्पा म्हणाले आहेत की सप्टेंबरअखेरपर्यंत अशीच गळती राहिली, तर व्यापाऱ्याला बोलावून अख्खा कळप एकदम देऊन टाकायचा. रागावून म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाले. सहा वर्षांपूर्वी मी कचेरीतली नोकरी सोडून ह्या कामात उतरले, तेव्हा ते एवढंच बोलले होते, “जमेल तुला.” कळप गेला तर मला ते जमलं नाही असा त्याचा अर्थ होईल. दुसरा कुठला अर्थ मला तरी काढता येत नाही.

प्रयोगशाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या जनावरांचं बघता, आता माहेरच्यांचं बघा.

तुमची
वहीवाली


९ जुलै

प्रिय वहीवाली,

डबा प्रयोगशाळेतच उघडला. माझ्या टेबलावर याहून वाईट गोष्टी येतात, आणि त्यांच्यावर इतक्या सुवाच्य अक्षरात क्रमांक नसतात.

निकाल बरा नाही. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवल्या की जंताची अंडी वर तरंगतात, ती आम्ही काचेवर मोजतो. औषध पाजून तेरा दिवस झाल्यावर एका ग्रॅमला शंभरेक अंडी सापडली असती तर मी गप्प बसले असते. तुझ्या वीस पुड्यांची सरासरी अठराशे आहे. पोटात राहून रक्त पिणारा, लाल-पांढरा पीळ असलेला तो जंत. तुझा चार दिवसांचा ताप विसर, त्याने एवढं होत नाही.

आता रागाव, पण ऐक. औषध पाजलं की दुसऱ्या दिवशी ताज्या कुरणावर न्यायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात आणि ते चूक आहे. औषधातून जे जंत वाचतात ते सगळ्यांत चिवट. त्यांची अंडी तू तुझ्या सगळ्यांत चांगल्या कुरणावर नेऊन पेरलीस. तिथे दुसरं बीच नाही.

मला खरी चाचणी हवी. पंधरा मेंढ्या निवड. प्रत्येकीचं वजन कर, नजरेने नाही, काट्यावर. औषध पाजण्याआधीची पुडी आणि बरोबर चौदा दिवसांनंतरची पुडी. तू चहातली साखरही चमचा सपाट करून घालतेस, पण मेंढीपुढे उभी राहिलीस की “असेल पस्तीस किलो” म्हणत असशील अशी मला शंका आहे.

तुझी
वन्सं


२६ जुलै

वन्सं,

तुमची शंका चुकीची ठरली हे सांगताना मला थोडा आनंद होतो आहे, तो मी लपवत नाही. मेंढवाड्याच्या आढ्याला ताणकाटा टांगला, पोत्याची झोळी केली आणि पंधराजणींना एकेक करून झोळीत झुलवलं. सगळ्यांत जड बेचाळीस किलो भरली. औषधाचं माप त्याच वजनाने धरलं. बाटलीवरची तारीखही बघितली, अजून दीड वर्ष आहे.

झोळी बघून अप्पांनी विचारलंच. मग सगळं सांगितलं, डब्याचंही. ते म्हणाले, पोरीला कामाला लावलंस ते बरं केलंस, पण पाजणार मीच. तुम्हाला माहीतच आहे, ती पितळी पिचकारी ते कुणाच्या हातात देत नाहीत. मेंढी गुडघ्यांत धरायची, गालात बोट घालून नळी जिभेच्या मुळापर्यंत सरकवायची, आणि दट्ट्या एकदाच दाबायचा. पंधरा मेंढ्या वीस मिनिटांत झाल्या. मला एकीलाच तेवढा वेळ लागला असता, आणि निम्मं औषध तिने माझ्या तोंडावर शिंकरलं असतं. काम झाल्यावर नेहमीसारखी त्यांची उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती. आता मेंढ्यांना औषध लागू पडणार, असं मी मनात म्हटलं.

दोन्ही वेळच्या पुड्या डब्यात आहेत. मधल्या काळात आणखी दोन मेंढ्या गेल्या. ब्याऐंशी उरल्या. व्यापारी सहज म्हणून येऊन गेला. कुंपणाला टेकून त्याने मेंढ्या मोजल्या आणि अप्पांशी पायदुखीवर बोलला. मी त्याला पाणी दिलं, बस म्हटलं नाही.

वहीवाली


३१ जुलै

प्रिय वहीवाली,

आधी एकवीसशे, नंतर हजार. जेमतेम निम्मे मेले. चालणारं औषध शंभरातले पंच्याण्णव तरी काढतं.

ह्याचे दोनच अर्थ. एक तर तुमच्याकडचा जंत ह्या औषधाला सरावला आहे. नाहीतर औषध पूर्ण पोटात जातच नाही. वजन तू काट्यावर केलंस, पिचकारी अप्पांच्या हातात होती, म्हणजे दुसरं शक्य नाही. अप्पांचा हात मी लहानपणापासून बघते आहे. एक थेंब इकडचा तिकडे होत नाही. मग पहिलंच खरं, आणि तरीही मला एक कोडं सुटत नाही. जंत सरावतो तो वर्षानुवर्षं कमी औषध मिळाल्यावर. तुमच्याकडे कमी कुणी दिलं?

वाईट वाटून घेऊ नकोस, पण सहा वर्षांपासून माप कोण ठरवतंय ते आठव. एखाद्या वर्षी बाटलीत पाणी घालून पुरवलं होतंस का? असेल तर सांग, मी कुठे बोलणार नाही.

वन्सं


७ ऑगस्ट

वन्सं,

कारण सापडलं. औषध मेंढीच्या पोटात कमी जात होतं, दहाच्या जागी सहाच्या थोडं वर. बरीच वर्षं. चूक मोजमापातली आहे. माझी समजा. याहून जास्त विचारू नका, आणि अप्पांपाशी विषय काढू नका. आता पुढे काय करायचं ते मात्र सविस्तर लिहा.

वहीवाली


११ ऑगस्ट

प्रिय वहीवाली,

तुझं पत्र चारदा वाचलं. जी बाई तापाचे चार दिवस स्वतःच्या नावावर मांडते, ती वर्षानुवर्षांची चूक पाच ओळींत उरकते. मला राग आला आणि तो मी गिळणार नाही. वर्षातून तीनदा औषध पाजायचं, आणि एकदाही माप पडताळावंसं वाटलं नाही? मी इथे लोकांना हेच शिकवते. माझ्याच घरात हे व्हावं?

तुझं ऐकलं नाही. अप्पांना वेगळं पत्र टाकलंय. जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये आणि कळप विकायची घाई करू नये, एवढंच लिहिलंय. तुझं नाव घेतलं नाही, पण ते ओळखतील.

वन्सं


१७ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र अप्पांनी दुपारच्या जेवणाआधी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि ताटावर बसल्यावर मला म्हणाले, “तिला खरं लिही.” म्हणजे त्यांनाही कळलं होतं. कधी कळलं ते मी विचारलं नाही.

तर खरं असं. चाचणीचा सदरा मी नेहमीप्रमाणे वेगळ्या बादलीत भिजवला होता. बाही चोळताना पाणी दुधासारखं झालं. एकदा बदललं, परत तसंच. लग्नाला वीस वर्षं झाली, औषधाच्या दिवशी ही बाही मी वीस वर्षं धुते आहे. माझ्या आधी तुम्ही धूत होता. आपण ती कामाची खूण समजत आलो. तुमचं ‘कमी कुणी दिलं?’ वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की एवढं बाहीवर येतं, तर मेंढीत किती जातं?

अप्पा दुपारी झोपले तेव्हा पिचकारीत पाणी भरलं, दहावर लावली आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या बाटलीत दहा वेळा दाबली. शंभर यायला हवं होतं. बासष्ट आलं. बाकीचं दट्ट्याच्या मागून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा केलं, एकसष्ट. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण अप्पांच्या हाताबद्दल तुम्ही जे लिहिलं होतंत त्याखाली मला हे लिहवेना. त्यांचा हात खरोखरच चुकत नाही. पिचकारी चुकते. पण हा फरक त्यांना कसा सांगायचा, हे मला चार दिवस जमलं नाही. आणि हेही कबूल करते की “माझी समजा” लिहिताना मला जरा मोठेपणा वाटला होता. तुमची बोलणी आल्यावर तो उतरला. खोटं ते खोटंच, आणि त्याच्यापायी दहा दिवस फुकट गेले.

काल त्यांना म्हटलं, नवी पिचकारी आणू, नाहीतर आतली चकती तरी बदलू. नवीला त्यांची हरकत नाही. पण जुनी उघडायची नाही, म्हणाले. का, ते सांगेनात. मी अर्थात उघडली, तुम्ही ओळखलंच असेल. दट्ट्यावर रबर नाही, चामड्याची चकती आहे. हाताने कापलेली, तेल पिऊन काळी झालेली आणि कडेने आक्रसलेली. तिच्या मधोमध सुईने टिंबं टोचून चांदणी काढली आहे. तुमच्या घरात चामड्यावर चांदण्या कोण काढायचं? होती तशी परत बसवून ठेवली आहे.

वहीवाली


२१ ऑगस्ट

प्रिय वहीवाली,

चांदण्या मी काढायचे. दप्तरावर, चपलांवर, पट्ट्यावर, दिसेल त्या चामड्यावर.

मी सोळा वर्षांची होते. एकशेदहा मेंढ्यांना पाजायचं होतं आणि तिसाव्या मेंढीला पिचकारीतली रबराची चकती फाटली. दुकान लांब, मेंढ्या कोंडलेल्या, अप्पा हताश. मी दप्तराचा पट्टा कापला, परकाराने गोल आखला, भादरला, तेलात बुडवला, बसवला. चालली. अप्पांनी त्या दिवशी येईल त्याला ती पिचकारी दाखवली. मला वाटलं होतं आठवड्याभरात नवी चकती आणतील. एकतीस वर्षांनी आज कळतंय की आणलीच नाही. आणि बाही धुवायला लागले ती त्यानंतरच, आधी नव्हे. हे मला कधी सुचलं नाही. इथे लोकांना माप पडताळायला शिकवणारी मी.

तुला जे बोलले ते परत घेते. लेखी घेते, वहीत चिकटव.

आता कामाचं. हे अप्पांना वाचून दाखव.

जुनं औषध बंद, त्याला जंत सरावलाय. वेगळ्या जातीचं औषध पाठवते आहे, आणि नवी पिचकारी. दर वेळी पाजण्याआधी दहा वेळा बाटलीत दाबून बघायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांना पाजायचं नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीची खालची पापणी उलटून बघायची. आतला रंग लाल असेल तर तिला सोडून द्यायची. फिकट असेल तर जंत तिचं रक्त पितोय, तिलाच पाजायचं. रंगांचं कार्ड सोबत आहे. पोटात जंत आहेत हे माहीत असून मेंढी तशीच सोडायची हे अप्पांना पटणार नाही, मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. पण लाल पापणीच्या मेंढीतल्या जंतांनी नवं औषध चाखलेलं नाही. त्यांची अंडी कुरणावर पडू देत. औषधातून वाचलेले चिवट जंत त्या गर्दीत मिसळून जातील आणि औषध टिकेल. सगळेच मारायला गेलो तर फक्त चिवट उरतात. वरच्या कुरणावर आपण तेच केलंय.

अप्पांना आणखी एक सांग. चकती बदलली का, हे मी विचारायला हवं होतं, त्यात त्यांचा दोष नाही.

वन्सं


१२ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. चकतीच्या जागी मी थांबले, तेव्हा त्यांनी हाताने पुढे वाच अशी खूण केली. संपल्यावर म्हणाले, “चकतीने तिचं काम केलं. त्या दिवशी सगळ्या मेंढ्या पाजून झाल्या. नंतरची एकतीस वर्षं माझी.” मग चष्मा पुसला आणि विचारलं, कार्ड कुठाय.

कार्ड त्यांनी उलटसुलट बघून मला परत दिलं. पापणी बघायला कागद कशाला, म्हणाले. त्यांचे वडील पापणी बघूनच मेंढी विकत घ्यायचे. औषधाच्या बाटल्या आल्या तशी ती सवय सुटली. मग आम्ही पैज लावली. ते आधी अंगठ्याने पापणी दाबून निकाल सांगणार, मग मी कार्ड लावणार आणि दोन्ही वहीत लिहिणार. ब्याऐंशी मेंढ्यांना अख्खी सकाळ लागली. तुमचे बंधुराज सुट्टी घेऊन मेंढ्या धरायला आले, आणि पहिल्याच मेंढीने त्यांना चिखलात बसवलं. अप्पा मान वर न करता म्हणाले, ह्याचं पार्सल करा.

कार्डाने अकरा फिकट ठरवल्या, अप्पांनी चौदा. वादाच्या तिघींवरून बराच वेळ गेला. शेवटी चौदाच्या चौदा पाजल्या, वादाच्या तिघींच्या आधीच्या पुड्या वेगळ्या बांधून. उरलेल्या अडुसष्ट मेंढ्या औषध न पाजता फाटकातून बाहेर गेल्या तेव्हा अप्पांचा हात दोनदा पिचकारीकडे गेला. माझाही गेला असता, पण माझ्या हातात वही होती.

हे सत्तावीस ऑगस्टला. नवी पिचकारी दहा वेळा दाबली, नव्व्याण्णव आलं. काम झाल्यावर अप्पांनी उजवी बाही सरळ करून बघितली. कोरडी होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी सदरा बदलला नाही.

तेव्हापासून एकही गेली नाही. जबड्याखालची पाणपिशवी होती त्या दोघींची उतरली. परवा व्यापारी परत आला. ह्या वेळी मी त्याला बस म्हटलं. अप्पांनी त्याला एक मेंढी धरून तिची पापणी दाखवली आणि हा रंग काय सांगतो ते समजावलं. तो अर्धा तास ऐकत होता. जाताना त्याने विचारलं, मग कळपाचं काय ठरलं? अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. “तिला विचार. वही तिच्याकडे आहे.”

मी नाही म्हटलं. आवाज नेहमीचाच निघाला. नंतर वहीत “आज नाही म्हटलं” असं लिहिलं, आणि ते बरोबर केलं का, हे पहिल्यांदाच खाली लिहिलं नाही.

डब्यात पाजण्याआधीच्या आणि चौदा दिवसांनंतरच्या पुड्या आहेत, शिवाय न पाजलेल्या सहाजणींच्या. क्रमांक एकवीसची पुडी अप्पांनी स्वतः बांधली आहे. मला उघडू दिली नाही. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, ‘तपासून कळव.’

वहीवाली


१९ सप्टेंबर

प्रिय वहीवाली,

ह्या खेपेचा निकाल प्रयोगशाळेच्या नमुन्यात देते आहे. अप्पांना तसाच वाचून दाखव.

नमुने एक ते अकरा, कार्डाने फिकट ठरवलेल्या: औषधाआधी सरासरी सव्वीसशे, नंतर साठ. औषध उत्तम चालतं.

नमुने बारा, तेरा, चौदा, वादातल्या, औषधाआधी: चोवीसशे, एकतीसशे, दीडशे. दोघींत अप्पा बरोबर, एकीत कार्ड. कार्ड छापणाऱ्यांना मी हे कळवणार नाही.

नमुने पंधरा ते वीस, लाल पापणीच्या, न पाजलेल्या: तीनशेच्या आसपास. तशाच राहू देत.

नमुना एकवीस: चामड्याची चकती, एक. वय एकतीस वर्षे. कडेने आक्रसलेली, मध्यभागी चांदणी शाबूत. अंडी आढळली नाहीत.

शेरा: नमुना परत पाठवला जाणार नाही.

वन्सं